दर वेळी दोन घागरी

उमादेवी : आणि हे काय? "फुजी पर्वत दिसला की दर वेळी मला आईची आठवण येते." कुठं दिसला गं तुला फुजी पर्वत? औशाच्या वाटेवर?

शिवगंगा : पुस्तकात तसंच होतं, मॅडम.

उमादेवी : पुस्तक मला पाठ आहे. मी घरातली वाक्यं मागितली होती, पाच. आणि हे दुसरं बघ, "पाऊस आला की दर वेळी मी छत्री विसरते." लातुरात? रेल्वेनं पाणी आणून पाजतायत आपल्याला, आणि ही बाई छत्री विसरते!

शिवगंगा : चुकलं, मॅडम.

उमादेवी : चुकलं नाही, उसनं आणलंस. जुलैत पुण्याला परीक्षा आहे तुझी. पुढं कंपनीत दुभाषी म्हणून बसशील तेव्हा दुसऱ्याचं बोलणं उसनं घ्यायचंच आहे. पण त्याआधी स्वतःचं एक तरी वाक्य बोलता यायला पाहिजे. सांग बरं, जपानीतलं 'ताबी नी' कुठं लावायचं?

शिवगंगा : एक गोष्ट घडली की दर वेळी दुसरी घडते, तिथं. अमुक होईल तेव्हा तेव्हा तमुक.

उमादेवी : आणि कुठं लावायचं नाही?

शिवगंगा : रोजच्या सवयीला. सकाळी उठलं की दात घासते, असलं काही सांगायचं तर नाही लावायचं.

उमादेवी : शाबास. आता हे पाचवं. हे का खोडलंस? इतकं दाबून की पान फाटलंय.

शिवगंगा : ते राहू द्या, मॅडम.

उमादेवी : थांब, खिडकीशी धरते. दिसतंय. "मिझु गा कुरू ताबी नी..." पाणी येतं तेव्हा दर वेळी मी... शेजारणीच्या घागरी... दोन... आमच्या टिपाडात ओतते. अगं, एक चूक नाही ह्यात! चार वाक्यं पुस्तकातली आणि ही एकच तुझी, आणि तीच खोडलीस? थांब, टिक करते.

शिवगंगा : टिक नका करू!

उमादेवी : ओरडतेस का?

शिवगंगा : टिक नका करू, मॅडम. पाया पडते. बरोबर नाही ते.

उमादेवी : बस. आधी बस खाली. पाणी पितेस?

शिवगंगा : नको. पाणी नको.

उमादेवी : हे खरं आहे?

शिवगंगा : होतं. आता नाही. महिना झाला, नाही करत.

उमादेवी : मग वाक्य भूतकाळात कर, आणि संपव.

शिवगंगा : भूतकाळ केला की संपतं का?

उमादेवी : वाक्य संपतं. बाकीचं मला माहीत नाही. शेजारीण कोण?

शिवगंगा : नागाबाई. दालमिलमध्ये डाळ निवडायला जातात. सात वाजताच घर सोडतात, आणि टँकर येतो दहा-अकराला, आठ दिवसांतून एकदा. घराला दहा घागरी. ज्या बायका कामावर जातात त्या घागरी रांगेत मांडून जातात. मालकिणीच्या जागी घागर उभी राहते. तिला कुणी मागं सारत नाही, कुणी ओलांडत नाही. फक्त भरायला कुणीतरी लागतं. त्यांच्या मी भरायची. घरी मीच असते ना, पुस्तक घेऊन.

उमादेवी : आणि त्यांना पत्ता नाही.

शिवगंगा : त्यांना वाटलं, सून पाणी उधळते. कावेरी. वर्ष झालं लग्नाला. ती पहाटेच कोचिंगच्या मेसवर पोळ्या लाटायला जायची, दुपारी यायची. पाणी आठ दिवस पुरेना, तशा त्या तिला बोलायला लागल्या. मग तिला अहमदपूरला माहेरी पाठवलं. उद्या त्यांची माणसं जाणार आहेत, कायमचं तोडायला.

उमादेवी : उद्या?

शिवगंगा : उद्या सकाळच्या एसटीनं.

उमादेवी : आणि तू इथं बसून फुजी पर्वताची वाक्यं उतरवतेस.

शिवगंगा : मला वाटलं, तुम्ही विचारणार नाही. मला वाटलं, विचाराल. काय वाटलं कळत नाही. सवय होती म्हणावं, तर ते पण...

उमादेवी : सवय असती तर हा शब्द तुझ्या हाताला आला नसता. दर वेळी तुला ठाऊक होतं.

शिवगंगा : मी काय करू, मॅडम?

उमादेवी : मला नको विचारूस. माझ्या घरी बोअर आहे, अजून आटली नाही. सकाळी नळ सोडते तेव्हा मीच खिडकी लावून घेते, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. मी कुठल्या तोंडानं सांगू? वही घे. टिक नाही केली. आणि चारही वाक्यं परत लिहून आण. पण उद्या नको. उद्या तुला सुट्टी.

(बारा वाजलेले. गल्लीत नागाबाईचं दार. दाराशी निळं टिपाड, त्याच्या झाकणाला कुलूप.)

नागाबाई : ये गं गंगे. उन्हात काय थांबलीस, हिकडं सावलीला टेक. सुटली का जपानची शाळा?

शिवगंगा : हाव, मावशी. आज मिलला न्हाई गेलात?

नागाबाई : खाडा केला. भाकऱ्या थापून राहिले उद्यासाठी. चौघं जायचे हायत. थोरले दीर म्हणले, त्यांच्या दारचं पाणी बी प्यायचं न्हाई, शिदोरी संगं घ्या. सकाळी लौकर निघायचं, न्हाई तर वाटंत रस्ता रोको हाय म्हणे.

शिवगंगा : कशाचा?

नागाबाई : नव्या जिल्ह्याचा. उदगीर जिल्हा करा म्हणतेत, अन् अहमदपूर त्याच्यात घाला. म्या म्हणलं, घाला बापा. सून बी तिकडंच ठिवून घ्या. आमचा जिल्हाच येगळा! हास की गं जरा. समदी गल्ली हासली.

शिवगंगा : व्यंकटीदादा काय म्हणतेत?

नागाबाई : माझं पोरगं काय म्हणतंय! आटो पुसत बसलंय. पाणी न्हाई तर कोरडं फडकं घिऊन. सकाळधरनं एकच जागा पुसून राहिलंय.

शिवगंगा : मावशी, उद्या जाऊ नका.

नागाबाई : आता गं?

शिवगंगा : कावेरीवहिनीनं पाणी उधळलं न्हाई.

नागाबाई : तुझा जीव मऊ हाय, मनून तुला तसं वाटतंय. मला बी सुखानं झोप लागती का? पण माझं ऐक. ती असताना सहाव्या दिशी टिपाडाचं बूड दिसायचं. ती गेली, अन् आठ दिस पुरून वर उरतंय.

शिवगंगा : एक माणूस कमी झालं की उरणारच.

नागाबाई : म्या तेच म्हणलं आधी! अन्याव नको कुणावर. मनून तिच्या वाटणीचं पाणी रोज येगळं काढून ठिवलं, त्या रांजणात. त्याला हात लावला न्हाई. तरी बी टिपाडात दोन घागरी शिल्लक. लोक म्हणले रेल्वेचं पाणी हाय, पुरतं. म्या म्हणलं, रेल्वेचं असू द्या न्हाई तर गंगेचं, घागरी दहाच्या दहाच. चोर गेला मनून पुरून राहिलं.

शिवगंगा : चोर गेला न्हाई, मावशी. चोर भ्याला.

नागाबाई : काय म्हणलीस?

शिवगंगा : ज्या दिशी वहिनीला एसटीत बसवलं त्या दिसापासून मी सोडून दिलं. मनून पुरतंय.

नागाबाई : काय सोडून दिलं?

शिवगंगा : तुमच्या दहा घागरीतल्या आठच ह्या टिपाडात पडायच्या. दोन मी आमच्या घरी न्यायची. दर वेळी.

नागाबाई : तव्यावरली भाकर काढ. जळून राहिली.

शिवगंगा : काढली.

नागाबाई : किती येळा?

शिवगंगा : नऊ.

नागाबाई : मोजलंस बी.

शिवगंगा : मोजावं लागलं न्हाई. एकेक ध्यानात हाय.

नागाबाई : तुमच्या घरी काय कमी होतं गं? तुझा बाप मोंढ्यात आडतीवर मुनीम. टिपाडं दोन. माणसं तीन.

शिवगंगा : पहिल्यांदा मुद्दाम न्हाई केलं. पुस्तक एका हातात, शब्द घोकत होते, अन् धक्का लागून आमच्या दोन भरल्या घागरी कलंडल्या. नालीत गेल्या. आईचा नेम तुम्हाला ठावं हाय. डोक्यावरनं आंघोळ झाल्याबिगर ती गळ्यातलं लिंग पूजेला हातावर घेत न्हाई, अन् पूजा झाल्याबिगर घोटभर च्या पीत न्हाई. पाणी कमी पडलं असतं तर उपाशी राहिली असती. मी भिले. तुमच्या दोन उचलल्या. म्हणलं, पुढच्या वेळी आमच्या दोन तुमच्यात घालीन.

नागाबाई : अन् पुढच्या येळी?

शिवगंगा : पुढच्या वेळी काय सांडलं न्हाई.

नागाबाई : मंग?

शिवगंगा : कुणाला कळलं न्हाई, एवढं कळलं होतं.

नागाबाई : अगं माय!

शिवगंगा : आई म्हणली, गंगू, ह्या वेळी पाणी चांगलं पुरलं गं, तुझ्या हाताला बरकत हाय. मला सांगायला तोंड राहिलं न्हाई.

नागाबाई : म्हंजे माझ्या पाण्यानं तुझ्या आईचा देव न्हाऊन राहिला. अन् माझी सून... तिच्या केसाला तीन तीन आठवडे पाणी न्हवतं लागलं, गंगे. जवळ आली की वास यायचा. म्या म्हणायची, सोंग हाय, मला दाखवायला वास मारती. दुपारी मागल्या दारानं न्हात असंल.

शिवगंगा : मावशी...

नागाबाई : थांब. हे कुलूप. हे म्या तिच्यासाठी आणलं. अन् किल्ली कुणापाशी ठिवून जायची गं मी?

शिवगंगा : माझ्यापाशी.

नागाबाई : घरची लेक समजून. सुनंनं कामावनं यावं, तहानंनं तोंड कोरडं, अन् तुझ्या दारात येऊन म्हणावं, गंगाताई, जरा किल्ली द्या.

शिवगंगा : एकदा म्हणाल्या, "तुम्ही तर बघता की, ताई. मी एकच तांब्या घेते. आत्याबाईला सांगा की जरा."

नागाबाई : अन् तू?

शिवगंगा : मी म्हणलं, सांगते.

नागाबाई : ...ती भांडी घासताना गायची, ठावं हाय का तुला? राखंनं घासायची, पाणी कुठलं. जायच्या दिशी बी घासत बसली अन् गाऊन राहिली,
 "पाण्याच्या गाडीपाशी, उभी ऱ्हायले मी बाई
 भरल्या लोकामंदी, माझी घागर बोलंना काई."
म्या आतून वरडले, गाणी सुचतेत व्हय गं चोट्टे! बोलंना काई म्हणती. घागर कशी बोलंल? बोलणारी तर तू व्हतीस.

शिवगंगा : मला मारा, मावशी.

नागाबाई : मारून काय व्हतंय? हात दुखंल माझा. अन् मारायचं तर आधी माझ्या थोबाडीत मारावं लागंल. तू पाणी चोरलंस. म्या तर माणूस टाकलं घराबाहीर.

शिवगंगा : उद्या मी येते तुमच्यासंगं. त्यांच्या आईबापाम्होरं सांगते. वहिनीच्या पाया पडते.

नागाबाई : येशील, ते न्यारंच. पण पाया घरात पडतेत. म्या तिला चोर कुठं म्हणलं?

शिवगंगा : ...टँकरपाशी.

नागाबाई : त्या दिशी आम्हा दोघींचा बी खाडा व्हता. चौदा बाया व्हत्या. तिची घागर रांगंतनं काढून म्या फेकली. पोचा पडला तिला, ती बघ, ती कोपऱ्यातली. कुणी कुणाची घागर हलवत न्हाई ह्या गल्लीत, म्या माझ्याच सुनंची फेकली. अन् तुझी आई काय म्हणली, ठावं हाय?

शिवगंगा : ठावं हाय.

नागाबाई : म्हण की मंग.

शिवगंगा : "पाण्याची चोरी सात जन्म फिटत न्हाई."

नागाबाई : माझ्या पाण्यानं न्हाऊन म्हणली. तिचा काय दोष? तिला कुठं ठावं व्हतं.

शिवगंगा : तिला कळलं तर ती देवाला हात लावायची न्हाई, मावशी. दोन महिन्यांची पूजा बाटली म्हणंल. जेवायची न्हाई. अप्पा मोंढ्यात मान वर करून चालायचे न्हाईत. अन् पुण्याला पाठवणं तर...

नागाबाई : मंग नको सांगू.

शिवगंगा : काय?

नागाबाई : जबरदस्ती न्हाई माझी. घरी जा. उद्या मी एकलीच जाते. दिरांना काहीबाही सांगते. तिचे पाय धरते, आली तर घिऊन येते. पण ह्या गल्लीत ती चोरच ऱ्हाईल. आठ दिसांनी गाडी येईल, ती घागर घिऊन उभी ऱ्हाईल, अन् बाया आपापल्या घागरी जवळ वढून घेतील. दर येळी. तिला सोसंल. तिला सवय हाय. तुला बघवंल का, तेवढं बघ.

शिवगंगा : न्हाई बघवणार, मावशी.

नागाबाई : आला बघ भोंगा. आज उशिरा आली गाडी. चौकात वळली.

शिवगंगा : आज शनवार न्हाई ना?

नागाबाई : शनवारच हाय. तुला आज कशाचा वार कळंल! माझ्या दहा मांडल्यात तिथं, मधी. तुमच्या तुझ्या आईनं मांडल्या असतील.

शिवगंगा : आई स्वतः आलीय का?

नागाबाई : ती काय, लाल काठाचं लुगडं. सगळ्यात पुढं.

शिवगंगा : मावशी, आईला आधी घरी एकटीला सांगते. मग बायांला.

नागाबाई : का?

शिवगंगा : आईसमोर लोकांत मला...

नागाबाई : कावेरीला बोलले तवा तिची आई न्हवती तिथं, गंगे. असती तर बरं झालं असतं. कुणीतरी तिला जवळ घेतलं असतं.

शिवगंगा : ...तुम्ही येता ना?

नागाबाई : येते. तुझ्यामागं हायच मी. तुझं झालं की मला बी बोलायचं हाय. माझं तुझ्यापरीस लांबलचक हाय. चल.

शिवगंगा : आई... आई! हां, आले. न्हाई, पुस्तक न्हाई आज. न्हाई, तू नको भरूस. रांग जाऊ दे, मागच्यांला पुढं होऊ दे. ऐक ना, आई. हातातली घागर जरा खाली ठेव.